हिप्परग्याच्या तळ्यावर पोरं न्यायची तर

सोलापूरला समुद्र नाही. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याची भाचरं आली की अलिबागचे फोटो दाखवतात, आणि आमच्या इथली भाचरं तोंड बारीक करून माझ्याकडं बघतात. मग आत्या निघते सात पोरं घेऊन हिप्परग्याला. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते, दिवाळीनंतरचे आठ-दहा दिवस मशीन जरा थंड असतं, तेवढाच मोका.

आधी एक सांगून टाकते. हिप्परग्याला वाळूचा किनारा नाही, छत्र्या नाहीत, कपडे बदलायच्या खोल्या नाहीत, शिट्टी मारणारा जीवरक्षकही नाही. हा सरकारी कागदातला एकरूख तलाव. आदिला नदीवर इंग्रजांनी मातीची भिंत घातली, १८७१ साली तो पुरा झाला. भिंत दोन किलोमीटरहून लांब आहे. शहराला पिण्याचं पाणी इथूनही येतं, त्यामुळं पोहणं, साबण लावणं, गाडी धुणं हे डोक्यातून काढून टाका. काठावर खेळायचं, पक्षी बघायचे, जेवायचं आणि ऊन चढायच्या आत घरी यायचं. एवढ्यात पोरं खूश होतात.

पोर दोन-तीन वर्षांचं असेल तर हिप्परगा नकोच. त्याला सिद्धेश्वर तलावावर न्या. देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पाणी, मासे दिसतात, शेजारी भुईकोट किल्ला. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मात्र तिकडं लहान पोर घेऊन शिरू नका, गर्दीत चप्पलसुद्धा सापडत नाही. संध्याकाळी नुसतं चालायचं असेल तर विजापूर रोडचा संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव. आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर पुण्याच्या रस्त्यानं टेंभुर्णी ओलांडून उजनी. ते पाणी म्हणजे समुद्रच वाटतो, पण जाण्यायेण्यातच पोरं पेंगतात. अर्ध्या दिवसाला हिप्परगाच बरा.

कधी जायचं, याचं उत्तर आपल्या पावसात आहे. पुण्या-मुंबईकडं जुलैत तळी भरतात, आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. तळं भरलेलं असतं, काठाला गवत असतं, सकाळी अंगावर शिरशिरी येते. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. पारा बेचाळीसच्या वर, पाणी लांब मागं सरकलेलं आणि मधे सगळा गारा, म्हणजे चिखल. ऑक्टोबरात ढग दाटले तर "अजून पाच मिनिटं आत्या" ऐकायचं नाही. उघड्या काठावर वीज पडली तर आडोसा कुठंच नाही, आणि बाभळीचं झाड हा आडोसा नव्हे.

दिवस निवडताना कोजागरी तेवढी टाळा. त्या पुनवेला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी माणसं रस्ताभर असतात, गाड्यांना वाट बंद होते. मश्रूम गणपतीचं देऊळ तिथंच तळे हिप्परग्यात आहे, म्हणून संकष्टीलाही गर्दी असते. देवदर्शन आणि तळं दोन्ही जमवायचं असेल तर आधी दर्शन. नंतर पोरांचे पाय देवळात नेण्यासारखे राहत नाहीत.

जायला फार काही नाही. तुळजापूर रोडनं आठ-दहा किलोमीटर. तुळजापूरची एसटी मिळते, पण जलद गाडी मधे थांबेल असं नाही, बसायच्या आधी कंडक्टरला विचारा. आम्ही दोन रिक्षा करतो, जाऊन-येऊनचं भाडं निघतानाच ठरवतो आणि परतीची वेळ साडेदहाची सांगतो. रिक्षावाल्या मामांना खरी वेळ सांगा. आम्ही एकदा "अकरापर्यंत या" म्हणालो, ते बाराला उगवले. महामार्ग चार पदरी आहे, उलट्या बाजूनं मोटारसायकली येतात. रस्ता पोरांना एकेकट्यानं ओलांडू देऊ नका, साखळी करा. सव्वासहाला घरून निघालं की ऊन पडेपर्यंत काठावर असता.

आता माझ्या आवडीची गोष्ट, टोप्या. पहिल्या वर्षी शाळेच्या हाफपँटचं उरलेलं नेव्ही ब्लू टेरिकॉट होतं, त्याच्या सात टोप्या शिवल्या. मला वाटलं, काय छान, सगळी एकसारखी. काठावर पोचलो, पाण्यावर उन्हाची चकाकी, आणि दहा मिनिटांत सातातली सहाच टोपी दिसायला लागली. माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. धाकटा कुठं होता? काठाला बसलेल्या म्हशींच्या मधे, उकिडवा, गोगलगायीचा शिंपला बघत. निळी टोपी, मागं निळं पाणी, भोवती काळ्या म्हशी, दिसणार कशी? त्याच आठवड्यात कुठल्याशा स्पोर्ट्स-डेच्या टीशर्टाचं केशरी कापड काढलं आणि नव्या शिवल्या. कानावर येईल एवढी कड, मागं इलॅस्टिक, हनुवटीखाली नाडा. तळ्यावरचा वारा नाडा नसलेली टोपी पहिल्या पाच मिनिटांत पळवतो, आणि पोर टोपीमागं पाण्यात शिरतं. खरा धोका तोच. शिवता येत नसेल तर केशरी नाहीतर भडक गुलाबी टीशर्ट घाला. निळा, पांढरा, राखाडी, खाकी काही नको.

टोप्यांबरोबर नंबर. वयाप्रमाणं एक ते सात. मी शिट्टी मारली की जिथं असेल तिथून आपला नंबर ओरडायचा. चार नंबरची भाची नेहमी उशिरा ओरडते, तिला मुद्दाम धाकट्याची जोडीदार केलीय, आता दोघंही वेळेवर ओरडतात.

शिट्टीचा दुसरा उपयोग मोठ्यांसाठी आहे. पाच मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष हाय की. म्हणजे कुणाचंच नसतं. म्हणून आमच्यात ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्यानं फक्त पोरांकडं बघायचं. फोन नाही, चहा नाही, वहिनीशी गप्पा नाहीत. वीस मिनिटं झाली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात. माझा भाऊ आधी हसला होता, "काय पोलीस आहे का मी!" आता तोच घड्याळ लावतो. बुडणारं पोर "वाचवा" म्हणून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, श्वासालाच वेळ नसतो, ओरडणार कशानं. आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.

काठ कसा निवडायचा तेही सांगते, कारण आम्ही एकदा चुकलोय. भिंत, सांडवा, दगडी उतार इथं पोरं नकोतच. शेवाळावर पाय सटकतो आणि खाली लगेच खोल असतं. सपाट, गवत पाण्यापर्यंत आलेलं असा काठ शोधा. पण तळ्याचा तळ समुद्रासारखा सारखा उतरत नाही. उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की तळ्यातला गाळ शेतात टाकायला काढतात, मुरूम काढतात, खड्डे राहतात. पावसाळ्यात त्यावर पाणी चढलं की वरून सगळं एकसारखं. घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल कमरेत, असं होऊ शकतं. म्हणून आमचा नियम घोट्यापर्यंतच, तेही मोठ्याच्या हाताच्या अंतरावर.

आणि गारा. आपली काळी माती वरून सुकते, भेगा पडतात, पापुद्रा धरतो. बघणाऱ्याला वाटतं वाळलं. खाली अजून लोणी असतं. एका साली फेब्रुवारीच्या शेवटी गेलो होतो, म्हशीवाल्या मामांनी सांगितलंही, "बाई, तिकडं नका जाऊ, तिथं गारा हाय." तोवर माझा तीन नंबर चार उड्या मारून पुढं. पाचव्या उडीला पाय गुडघ्यापर्यंत आत. थोरला धावला आणि दंड धरून ओढायला लागला. "ओढ की बे!" "ओढतोय की!" जितकं ओढतोय तितकं ते रुततंय. मामा आले, थोरल्याला बाजूला केलं आणि पोराला म्हणाले, "बस खाली. बूड टेक." पोर बसलं. मग पाय जागच्या जागी हळूहळू डावी-उजवीकडं हलवायला लावला. बाजूनं पाणी आत शिरल्यावर बुळुक असा आवाज झाला आणि पाय निघाला. चप्पल तिथंच आहे अजून. तर लक्षात ठेवा: सरळ वर ओढायचं नाही, बसायचं, वजन पसरायचं, पाय हलवत काढायचा. आणि मुळात हातात काठी घेऊन आधी टोचून बघायचं. काठी सहज आत गेली तर पोर तिकडं नाही.

चपलांचं निघालं म्हणून, पायात मागं पट्टा असलेल्या सँडल घाला. वेड्या बाभळीचे काटे स्लिपरच्या आरपार जातात. शिवाय मासे धरणाऱ्यांचा तुटका नायलॉन, गळ आणि फुटक्या बाटल्या. पायाला जखम असेल तर पोर कोरड्यावर बसेल. पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय आली असेल तर त्या बाजूला हातही घालू देऊ नका.

आमच्या पिशवीत एक पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन असतो, झाकण गच्च, मुठीला वीस-पंचवीस फूट दोरी. पोरं त्याला ढोल समजतात. तो फेकायचा असतो. कुणी खोल पाण्यात गेलं तर मागं उडी टाकू नका, एकाच्या दोघं जातात. कॅन फेका, दोरी नसेल तर साडी, ओढणी, काठी, काहीही. ११२ आणि १०८ हे नंबर थोरल्या दोघांना पाठ आहेत.

अंथरायला सोलापुरी चादर नेऊ नका. मी नेली होती, लग्नातली, चांगली दणकट. एक कोपरा पाण्यात गेला, सुतानं पाणी ओढलं, निघताना ती चादर धाकट्याएवढी जड झाली होती. मेणकापड न्या, वर जुनं लुगडं.

जेवणाला कडक भाकरी. ती मोडत नाही, विटत नाही, पोरांना कुडुमकुडुम खायला आवडते. शेंगाचटणी डब्यात, दही वेगळ्या डब्यात, कांदा तिथं फोडायचा. धपाटे थोडे जास्तच करा, सकाळच्या गार वाऱ्यात भूक आठालाच लागते. पाणी घरचं, माणशी दीड लिटर. वेफर्सच्या पुड्या नेऊच नका, अर्ध्या वाऱ्यानं तळ्यात जातात. शू-शी घरूनच उरकून निघायचं, आणि पोरींसाठी एक जुनी चादर आडोशाला. ती चादर चालते.

खेळायला काय? चपट्या खापऱ्या शोधून पाण्यावर भाकऱ्या काढणं. आमच्या भावाच्या सात झाल्यात म्हणे, मी पाचच मोजल्या. त्या वेळी पोरं सगळी फेकणाऱ्याच्या मागं. ओल्या मातीचे बैल करणं. आणि पक्षी. दुर्बीण नसली तरी चालतं. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, पाण्यावर डुलत जाणारा तो वारकरी. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्याला वारकरीच म्हणतात. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे पोरांना सांगितलं की ती "विठ्ठल विठ्ठल" करत त्याच्या मागं काठानं चालतात. लांब लाल पायांचा शेकाट्या. थंडीत नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीनं दिसतात, आणि नशीब असेल तर पट्टकादंब, डोक्यामागं दोन काळ्या पट्ट्यांचा हंस. तो हिमालय ओलांडून येतो. ठाण्याच्या भाचीनं हे ऐकून अलिबागचा फोन पहिल्यांदा खिशात ठेवला. पक्ष्यांना दगड मारायचा नाही, थव्यात धावत शिरायचं नाही. इतक्या लांबून आलेल्याला उडवून काय मिळवायचं.

साडेदहाला निघताना शेवटची मोजणी, एक ते सात. पाय तळ्यात न धुता कॅनमधून पाणी ओतून काठापासून लांब धुवा, नाहीतर धुतलेला पाय परत गाऱ्यातच पडतो. रिक्षाच्या सीटवर मेणकापड उलटं घालायचं, मामा खूश राहतात.

कपड्यांवरचा काळा गारा घरी आल्या आल्या पाण्यात घालू नका, तो धाग्यात बसतो. उन्हात खडखडीत वाळू द्या, ब्रशनं झटका, मगच साबण. माझ्या केशरी टोप्या अशाच चौथ्या वर्षीही केशरी आहेत. धाकट्या भावजयीला दिवस गेलेत, म्हणून त्या ताग्यातलं अर्धा मीटर कापड बाजूला काढून ठेवलंय.