दोन भाषांतल्या कथनाची रचना कशी ताडून पाहावी

एकच गोष्ट दोन भाषांत कशी उलगडते हे पाहायचं असेल, तर भाषांतर हाताशी घेऊ नका. भाषांतरात मूळ भाषेची मांडणी मुरलेली असते. त्यापेक्षा दोन्ही भाषांच्या लोकांना एकच मूक चित्रफीत दाखवा. मग त्यांनी तिच्यातली गोष्ट ती न पाहिलेल्या माणसाला सांगावी. भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांच्या गटाने 1975 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत नेमक्या याच कामासाठी 'पेअर फिल्म' तयार केली. ती सुमारे सहा मिनिटांची असून तिच्यात संवाद नाहीत.

रेकॉर्डिंग करा आणि जसं बोललं तसंच उतरवून काढा. अडखळणं, 'अं', विराम, सगळं ठेवा. ईलान हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं.

आता तुकडे पाडणं. 'मजकूर वाक्यांत विभागा' एवढा सल्ला देऊन पुढे जाणारे मार्गदर्शक मला सहन होत नाहीत, कारण सगळी तुलना इथेच बिघडते. बोलण्यात पूर्णविराम नसतो, तो उतरवणाऱ्याने घातलेला असतो. शिवाय हे पाहा: 'मुलगा उतरला आणि टोपली उचलून, सायकलला लावून निघून गेला.' वाक्य एक, घटना चार. दुसऱ्या भाषेत याच घटना चार सुट्या वाक्यांत येऊ शकतात. मग वाक्यं मोजून 'या भाषेचं कथन संथ, त्या भाषेचं वेगवान' असे निष्कर्ष निघतात आणि ते सपशेल चुकीचे असतात. म्हणून वाक्य सोडा, क्रियापद धरा. एका घटनेला एक ओळ.

पण क्रियापदाला 'ऊन' प्रत्यय ('उचलून', 'लावून') दिसला की ओळ तोडायची, इतकं हे सोपं नाही. मी याच पायरीवर सर्वांत जास्त अडकले होते. 'उचलून' ही घटना आहे, 'निघून गेला' मधलं 'निघून' मात्र वेगळी घटना नाही. ओळखायला एक चाचणी लावा: 'ऊन' काढून 'आणि' घाला. 'टोपली उचलली आणि सायकलला लावली' यात अर्थ तोच राहतो, म्हणजे दोन ओळी. 'विसरून गेला'चं 'विसरला आणि गेला' केलं की अर्थच बदलतो. ते संयुक्त क्रियापद, त्याला एकच ओळ. 'खाऊन टाकलं'चंही तसंच. 'म्हणून' किंवा 'त्यावरून' बहुतेक ठिकाणी नुसते जोडशब्द असतात, तिथे ओळ तोडायची नाही.

'हसून म्हणाला' या चाचणीला दाद देत नाही. तिथे एवढंच विचारा: कथेचा काळ पुढे सरकला का? हसणं आणि म्हणणं एकाच वेळी घडलं असेल तर हसणं ही म्हणण्याची रीत झाली. कथनाचे अभ्यासक लबोव आणि वालेट्स्की यांनी 1967 मध्ये कथनाचं उपवाक्य क्रमावरूनच ओळखलं: दोन उपवाक्यांची अदलाबदल केली आणि घटनांचा क्रम बदलला, तर ती कथा पुढे नेणारी. 'पडलेली टोपली' मधलं विशेषण झालेलं रूप तर मुळीच मोजू नका.

हे नियम मोजणीच्या आधी कागदावर उतरवा. आकडे पाहिल्यावर बनवलेला नियम आपल्याला हवा तोच निकाल देतो, यावर माझा ठाम विश्वास आहे. एकच उतारा दोघांनी एकमेकांचं न पाहता तोडावा. जिथे मतभेद होईल तिथे नियम सुधारा आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून तोडा, फक्त वादाच्या ओळी दुरुस्त करून भागत नाही.

यानंतरचं काम सरळ आहे. प्रत्येक ओळीसमोर पात्राचा उल्लेख कसा आला ते लिहा: नाम, सर्वनाम की काहीच नाही. भाषाशास्त्रज्ञ टॅल्मी गिव्हॉन यांच्या 1983 च्या पद्धतीत आधीचा उल्लेख किती उपवाक्यं मागे आहे ते मोजतात, कमाल 20 पर्यंत. मराठीत गाळलेल्या कर्त्याला रिकामी जागा समजू नका, तिथे उल्लेखाचा प्रकार म्हणून 'शून्य' लिहा. 'टोपली उचलली' मध्ये क्रियापद टोपलीचं लिंग घेतं, त्यामुळे उचलणारा कोण ते रूपावरून कळत नाही. संदर्भावरून ठरवून नोंदवा.

'तो गेला. गेल्यावर...' अशी मागच्या क्रियापदाची पुनरुक्ती दिसली तर तिला वेगळी खूण करा. पापुआ न्यू गिनीतल्या अनेक भाषांत हाच वाक्यं सांधण्याचा नेहमीचा मार्ग आहे. ती नवी घटना नाही.

निष्कर्ष काढताना घाई नको. 1966 मध्ये भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅप्लन यांनी भाषागटांच्या विचारपद्धतींची चित्रं काढली, पौर्वात्यांची सर्पिलाकार आणि इंग्रजीची सरळ रेषेची. आधार होता परभाषिक विद्यार्थ्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या निबंधांचा! ती चित्रं आजही शिकवली जातात याचं मला वाईट वाटतं. आधी एकाच भाषेतल्या वक्त्यांमध्ये आपसांत किती फरक आहे ते मांडा. दोन भाषांमधला फरक त्याहून मोठा निघाला, तरच तो भाषेच्या नावावर लिहा.