दुसऱ्याने दुरुस्ती अर्धवट सोडलेली जुनी बीएमडब्ल्यू ३२८ गाडी घेताना

रंग आणि क्रोमकडे आधी बघूच नका. चासी नंबर कागदांशी जुळवा. १९३६ ते १९४० दरम्यान या गाड्या जेमतेम ४६४ बनल्या, त्यामुळे नकलाही फिरतात.

मग इंजिनाची खोकी उघडा. माझा जीव अडकलाय तो याच्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागात. व्हॉल्व्ह उघडायला लावणारा कॅमशाफ्ट एकच, तोही खाली ब्लॉकमध्ये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र पलीकडच्या अंगाला. म्हणून कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या १२ उभ्या पुशरॉडांशिवाय ६ आखूड, आडवे. अठराही मोजून घ्या आणि जाड काचेवर एकेक घरंगळवून बघा. वाकडा असेल तो थडथडतो. हेडमधल्या पाण्याच्या वाटा नखाने खरवडा. पांढरी भुकटी निघाली, म्हणजे अॅल्युमिनियम गंजलेलं असलं, तर प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन मूळचं आहे की दुसऱ्या महायुद्धानंतरचं ब्रिस्टल या ब्रिटिश कंपनीचं, तेही तपासा. ब्रिस्टलने हीच रचना उचलली; इंजिन उत्तमच, पण गाडीच्या किमतीत खूप फरक पडतो.

तीन सोलेक्स कार्ब्युरेटर शेवटी करा, ते सोपं काम आहे.

आधीच्या माणसाने डब्यांवर बांधलेल्या चिठ्ठ्या मात्र जपा. कुठला शिम (फट भरणारी पातळ चकती) कुठून निघाला, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.