फ्लॅट घेण्याआधी गल्ली मोजा

आमच्या बाल्कनीतून दुधाची डेअरी दिसते. क्रेट उतरवताना पोऱ्या पुटपुटला तरी ऐकू येतं. मध्ये फक्त सोसायटीची भिंत. रस्त्याने मात्र सव्वा किलोमीटर! पुण्याच्या जुन्या नारायण पेठेतून शहराच्या कडेच्या धायरीला आले तेव्हा मी रस्ता किती रुंद आहे ते पाहिलं, तो पुढे कुठे जातो ते नाही. तुम्ही पाहा. एक दुपार पुरते.

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या मोफत नकाशावरून घराभोवतीचा ३०० मीटरचा नकाशा छापून घ्या. तीन किंवा जास्त रस्ते भेटतात तिथे निळा ठिपका, रस्ता संपतो तिथे लाल. कागदाच्या कडेला कापले गेलेले रस्ते सोडून द्या. मग ठिपक्यांमधले रस्त्यांचे तुकडे मोजून त्यांना एकूण ठिपक्यांनी भागा. उत्तर १ च्या आसपास आलं तर रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे, गेलात तसे परत या. चौकच चौक असतील तर ते २ कडे सरकतं. १.५ आलं तरी मी खूश.

मग पेन्सिल घेऊन चालत निघा, कारण नकाशा गेट दाखवेलच असं नाही. माझ्या धायरीच्या कागदावर लालच लाल. पेठेतल्या बोळात समोरून रिक्षा आली की ओट्यावर चढावं लागायचं, पण लक्ष्मी रस्ता तुंबला तरी घरी पोचायला तीन वाटा असायच्या.

हे असं का झालं, ते गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं लावली की दिसतं. २०१७ साली ११ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात धायरी. २०२१ साली आणखी २३, त्यात शेजारचं नऱ्हे. तोवर बरीच शेतं एकेक गट करून विकली गेली होती. ज्याने त्याने आपल्या गटापुरता रस्ता आखला आणि बांधापाशी थांबवला. आमची भिंत त्या बांधावरच उभी आहे. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, उलट असतं: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते काढतात, मग प्लॉट परत वाटतात. मुंबई प्रांतात हा कायदा १९१५ सालीच आला होता, बरं का! म्हणून साइटवर विचारा, इथे टीपी आहे का, आणि डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, कागदावर आहे की डांबराचा. "होणारच आहे, मॅडम" हे उत्तर शून्य धरा.

शाळा, बसथांबा, वाणी यांचं सरळ अंतर आणि चालायचं अंतरही ताडून पाहा. दीडपट ठीक. तिप्पट असेल तर कोथिंबिरीलाही स्कूटर काढाल.

भिंतीत माणसापुरतं दार पाडायचा ठराव मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा "चोर येतील" म्हणून पडला. तोवर पोऱ्या क्रेट उलटा घालून वर चढतो आणि दूध भिंतीवरून देतो. पैसे सुट्टेच मागतो.