परदेशात शिकवायला जाताय? पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा

ओमानमधल्या मस्कतच्या शाळेचं ऑफर लेटर आलं तेव्हा मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी नववीचे बीजगणिताचे पेपर तपासत बसले होते. सोबत कागदांची यादी होती: बी.एस्सी. आणि बी.एड.ची पदवी, लग्नाचा दाखला आणि पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. सगळ्यावर अपोस्टिल हवं, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते स्टिकर. पोलिसांचं काम म्हणजे वेळ लागणार असं धरून मी आधी त्याच्याच मागे लागले. पीसीसी हातात आला आणि पदव्यांचं काम रखडलं. शाळेला पीसीसी सहा महिन्यांच्या आतला हवा होता. पदव्या तयार होईपर्यंत तो जुना झाला आणि मला सगळं पुन्हा करावं लागलं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, कुठला दाखला काढायचा ते नीट समजून घ्या. आपल्याकडे पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. इथल्या नोकरीला, सिक्युरिटीच्या कामाला ते चालतं. परदेशी व्हिसासाठी मागतात तो पीसीसी पासपोर्ट कार्यालय देतं. एका एजंटने मला हे दोन्ही एकच असं ठामपणे सांगितलं होतं. ते एक नाहीत. शाळेच्या पत्रात नक्की काय लिहिलंय ते वाचा आणि शंका असेल तर त्यांनाच मेल करून विचारा.

पीसीसीचा अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा. फी ५०० रुपये. ती भरली की अपॉइंटमेंट मिळते. आपल्याकडच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात हे काम होतं. पोस्टातल्या केंद्रांना ही परवानगी २८ सप्टेंबर २०२२ पासून मिळाली. त्याआधी माझ्या दिरांना याच कागदासाठी पुण्याला जावं लागलं होतं, त्यामुळे कुणी अजूनही 'पुण्याला जा' म्हणालं तर आधी पोर्टलवर बघा. जाताना मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा आणि ऑफर लेटर किंवा करार घेऊन जा. अर्जात देश निवडावा लागतो आणि दाखल्यावर त्याच देशाचं नाव येतं. ओमानसाठी काढलेला दाखला उद्या बहरीनची नोकरी आली तर उपयोगाचा नाही.

पोलिसांकडची जुनी नोंद स्वच्छ असेल तर काम लवकर होतं, नाहीतर चौकशी घरी येते. आमच्याकडे हवालदार आले ते संध्याकाळी. "काय ओ मॅडम, कुठं निघालासा?" म्हणत बसले. आधार, लाईट बिल आणि पासपोर्ट बघितला, शेजारच्या दोन घरांतली नावं लिहून घेतली. सासूबाईंनी चहा ठेवला आणि त्यांना मनापासून सांगितलं की सून शिकवायला चाललीय, पळून नाही. चौकशीच्या दिवसांत फोन उचला आणि घरी कुणीतरी असू द्या. 'पत्त्यावर आढळले नाही' असा शेरा गेला की अर्ज अडकतो.

दाखला हातात आला की काउंटरवरून हलू नका. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, देशाचं नाव, सगळं पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

आता पदव्या. खरा वेळ इथे जातो. माझी २०११ ची बी.एस्सी.ची पदवी बाबांनी त्याच आठवड्यात लॅमिनेट करून आणली होती, पाऊसपाण्याने खराब होऊ नये म्हणून. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. ती पदवी दहा-बारा वर्षं भिंतीवर होती. पण शिक्के आणि अपोस्टिलचं स्टिकर कागदाच्या मागच्या बाजूवर लागतं, प्लास्टिकवर ते बसत नाही. एका दुकानदाराने कोपऱ्यातून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला, तर विद्यापीठाच्या बोधचिन्हाचा सोनेरी रंग त्याला चिकटून वर आला. मी लगेच थांबवलं. शेवटी शिवाजी विद्यापीठात दुय्यम पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. बाबांना मी हे सांगितलं नाही. जुनी पदवी पुन्हा भिंतीवर तशीच लावलीय. तुमच्या मुलांच्या पदव्या आल्या की साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, एवढी मनापासून विनंती.

पदवी आधी विद्यापीठाकडून पडताळून घेतली, मग मंत्रालयात राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शिक्का आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. लग्नाचा दाखला शैक्षणिक कागद नाही, त्यामुळे त्याची राज्य पातळीवरची खिडकी वेगळी. पीसीसी मात्र पासपोर्ट कार्यालयाचाच, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्याच घरचा कागद. त्याला राज्याचा शिक्का लागत नाही, तो थेट अपोस्टिलला जातो. म्हणूनच तो शेवटी काढला तरी चालतो.

अपोस्टिलचं स्टिकर छोटं आणि चौकोनी असतं. त्यावर फ्रेंचमध्ये हेग कराराचं नाव, ५ ऑक्टोबर १९६१ ही तारीख आणि खाली क्रमांक टाकलेल्या दहा ओळी: देश, सही कुणाची, कुठल्या पदावरून, कुठे, कधी वगैरे. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे आणि ओमानही त्यात आहे, म्हणून मस्कतसाठी एवढ्यावर भागलं. यूएई, कतार, कुवेत या करारात नाहीत. तिथे जाणार असाल तर अपोस्टिल नव्हे, परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन आणि त्यावर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. दुबईला निघालेल्या माझ्या एका मैत्रिणीने आधी अपोस्टिलच करून घेतलं होतं, तिचे पैसे आणि दिवस दोन्ही गेले.

नावाकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. माझ्या पदवीवर माहेरचं आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव शेवटी. परदेशातल्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचा दाखला या दोन नावांना जोडतो, म्हणून तोही अपोस्टिल करून घेतला. ज्यांनी लग्नाव्यतिरिक्त कारणाने नाव बदललंय त्यांनी राजपत्रातल्या नोंदीची प्रत तयार ठेवावी.

परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिलचे कागद आपल्या हातून घेत नाही. त्यांनी नेमलेल्या एजन्सींची यादी मंत्रालयाच्या वेबसाईटवर आहे, त्यांच्याकडेच द्यायचे. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, त्यावर एजन्सीचा सेवाशुल्क. कोल्हापुरात बसून कुणी कागदामागे हजारो रुपये सांगत असेल तर त्यातले सरकारी किती आणि त्याचे किती हे लिहून मागा. पावती न देणाऱ्याच्या हातात मूळ पदवी कधीच देऊ नका. मी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघाले, सकाळी सीएसएमटीला उतरले आणि मुंबईच्या मंत्रालयातलं राज्याच्या शिक्क्याचं काम स्वतः केलं. मुंबईतच एजन्सीकडे कागद दिले.

मागच्या काही वर्षांत तुम्ही दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथलाही पोलीस दाखला मागितला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये शिक्षकाच्या व्हिसासाठी तर गेल्या १० वर्षांत मिळून १२ महिने जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा मागतात. तो इथे बसून मिळवायला वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज पदव्यांच्या बरोबरच टाका.

कागद परत आले की प्रत्येक स्टिकरचा नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाईटवर टाकून बघा. मग पुढून-मागून रंगीत स्कॅन करा आणि एक संच घरी ठेवा. विमानात मूळ कागद हातातल्या पिशवीत असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको.