आधी कौलं आणा, मग रिपा मारा: घरावर नवं कौलारू छप्पर घालताना

घर शाकारणं वेगळं आणि घरावर नवं छप्पर घालणं वेगळं. शाकारणीत कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि परत चढवायची. चुकलंच तर पुढच्या वर्षी सुधारता येतं. नवं छप्पर म्हणजे वासे, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना कौलं अडकतात), मंगळुरी कौलं सगळंच नवं, आणि तिथली चूक पुढची वीस-तीस वर्षं डोक्यावर राहते. दापोलीकडे मी आतापर्यंत पाच छपरं घातली किंवा घालून घेतली. त्यात माझं घर, काकांचं घर, मावशीची पडवी आणि दोन गोठे आले. पहिलं माझंच होतं आणि ते मी चुकवलं. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे, कुठलं तरी ऐकून लिहिलेलं नाही.

कधी. फेब्रुवारी. आंब्याचा हंगाम सुरू झाला की गडी बागेत जातात, आणि मेमध्ये वळीव कधी गाठेल ते सांगता येत नाही. उघड्या घरावर एक वळीव पडला की मातीच्या भिंतीचा गिलावा हाताने सोलून काढावा लागतो.

उतार. बारा फूट आडव्या अंतराला निदान सहा फूट उंची हवी. मी सात सांगतो, म्हणजे तीस अंशांच्या आसपास. "उंची कमी केली तर लाकूड वाचतं" असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ खाली पडत नाही.

किती कौलं. इथे पैसे दोनदा जातात. लोक जोत्याचं क्षेत्रफळ धरून कौलं मागवतात. छप्पर उतारावर मोजायचं असतं. तीस अंशांच्या उताराला जोत्यापेक्षा पंधरा टक्के जास्त भरतं, शिवाय वळचण, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीबाहेर येते ती वेगळी. शंभर चौरस फुटांना साधारण १४० ते १५० कौलं धरा आणि वर दहा टक्के फुटीसाठी. कमी पडली म्हणून दुसऱ्या खेपेला आणलेली कौलं पहिल्यांशी जुळतीलच असं नाही, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

घेताना दोन कौलं एकमेकांवर वाजवा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर ठेवा तिथेच. गाडीतली दहा-पंधरा वेगवेगळ्या थरांतून काढून वाजवा, वरची नव्हे. वरची नेहमीच चांगली असतात.

वासे. किंजळ, ऐन, साग, जे परवडेल ते. नाहीतर लोखंडी चौकोनी पाइप. वजन मात्र विसरू नका. कोरडं कौल अडीच किलोच्या आसपास, दीड हजार कौलं म्हणजे पावणेचार टन, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. पत्र्यासाठी उभ्या केलेल्या हलक्या सांगाड्यावर कौलं चढवायला निघालेले महाभाग मी पाहिलेत. तुम्ही त्यातले असाल तर आधी जाणत्या माणसाला सांगाडा दाखवा.

आता रिपा. छप्पर जमतं की फसतं ते इथे ठरतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

माझ्या घरी वेल्डिंगवाल्याने विचारलंही नाही. पाइपच्या रिपा तेरा-तेरा इंचांवर, म्हणजे ३३० मिलिमीटरवर, जोडून मोकळा झाला. मी म्हटलं, कौलं अजून यायचीत. तो म्हणाला, "सगळीकडे हेच माप असतं, भाऊ." पलीकडे खांबाला टेकून बसलेले आमचे जुने सुतारकाका एवढंच म्हणाले, "कौल आधी बघू दे, मग रीप." मला वाटलं, लाकडाचं काम हातचं गेलं म्हणून बोलतायत.

कौलं आली, चढली, अडकली. खालून बघताना ओळी सुरेख दिसत होत्या. जूनचा पाऊस सरळ होता, काही झालं नाही. जुलैत पश्चिमेची झड, म्हणजे वाऱ्यासोबतचा तिरपा पाऊस, सुरू झाली आणि पश्चिमेचं अख्खं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, आतून ठिबकायला लागलं. कुठे एका ठिकाणी गळत असतं तर कौल बदललं असतं. इथे पंधराही ओळींना पाणी. घरातली सगळी घमेली, पातेली, शेवटी आजीचं पूजेचं ताम्हनसुद्धा खाली लागलं.

वर चढून एक कौल उचललं तेव्हा कळलं. कौलाच्या वरच्या कडेला आडवी खोबण असते आणि वरच्या ओळीतल्या कौलाची खालची कड तिच्यावर बसते. झडीचं पाणी उलटं चढलं तरी त्या खोबणीत अडतं. माझ्या कौलांची कड खोबणीपर्यंत पोचतच नव्हती. बोटाच्या पेराएवढीही फट नाही, फक्त सहा मिलिमीटर. आणलेली कौलं ताणून ताणून ३२४ मिलिमीटरपर्यंत बसत होती आणि रिपा होत्या ३३० वर.

मंगळुरी कौल म्हणजे एकच माप, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. १८६५ मध्ये बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून हे नाव चिकटलं, पण आज तशी कौलं केरळातून येतात, गुजरातेतल्या मोरबीहूनही येतात. भारतीय मानकातच तीन मापं दिली आहेत: लांबी ४१०, ४२० आणि ४२५ मिलिमीटर. त्यात प्रत्येक भट्टीत माती वेगळी आकसते. तेव्हा रिपेचं अंतर कौलच सांगतं. वेल्डिंगवाला नाही, शेजारी नाही, मीही नाही.

ते कौलाकडून असं काढून घ्यायचं. वेगवेगळ्या थरांतली बारा कौलं काढा. सपाट लादीवर एका उभ्या ओळीत, पालथी, एकमेकांत अडकवून मांडा. आता सगळी जितकी लांब ताणता येतील तितकी ताणा. पहिल्या कौलाच्या रिपेत अडकणाऱ्या दातापासून अकराव्याच्या तशाच दातापर्यंत टेप लावा. ही दहा अंतरं झाली, दहाने भागा. हे जास्तीत जास्त माप. मग सगळी दाबून जवळ आणा, तसंच मोजा, दहाने भागा. हे कमीत कमी. दुसऱ्यांदा रिपा मारायच्या आधी मी माझी कौलं अशी मोजली, तेव्हा ३२४ आणि ३११ आलं. रीप या दोहोंच्या मधेच कुठेतरी पडली पाहिजे. त्याहून लांब गेली तर गळतं. त्याहून जवळ आली तर कौल खालच्यावर चढून बसतं, डुगडुगतं, आणि वानराने एक उडी मारली की फुटतं.

मधे नेमकी कुठे, तर ते पाखं ठरवतं. माझ्याकडे खालच्या अडकवायच्या रिपेपासून आढ्याजवळच्या, म्हणजे छपराच्या माथ्याजवळच्या, रिपेपर्यंत ४८३० मिलिमीटर होतं. मधलं माप ३१७ धरलं तर पंधरा ओळी आणि वर थोडं उरतं. मग पंधरानेच भागलं. ३२२ आलं, ३२४ च्या आत, म्हणजे चालेल. उरलेलं सगळं शेवटच्या ओळीत ढकलून "तिथे कौल कापू" म्हणणाऱ्याला खाली उतरवा. कापलेल्या कौलाला अडकायला दातच राहत नाही.

खुणा करताना एका रिपेवरून दुसरी मोजू नका. दर वेळी एक-दोन मिलिमीटर चुकतंच, आणि पंधराव्या ओळीपर्यंत ते बोटभर होतं. टेप खाली एकदाच धरा आणि त्याच टेपवर ३२२, ६४४, ९६६ अशा खुणा करत वर जा. पाख्याच्या दोन्ही टोकांना करा, मग दोरी मारा. इंचांचा नाद या कामापुरता सोडा. पाऊण आणि पाव यांच्या मधलं बोलताना सुतार एक ऐकतो, वेल्डर दुसरं.

दोरीच्या आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घ्या. सारखी नसतील तर पाखं तिरकं आहे आणि ओळी जिन्यासारख्या सरकत जातील. जुन्या घरांत ती सारखी नसतातच, तेव्हा दचकू नका. चौकोन दोरीने धरा आणि फरक बाजूच्या कडेला ठोकतात त्या पाटीखाली लपवा.

सगळ्यात खालची, वळचणीची रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. पहिल्या ओळीला खाली टेकायला कौल नसतं. ही उंची दिली नाही तर पहिली ओळ मान टाकते आणि दुसरीशी तिचा सांधा उघडा पडतो.

लोखंडी रिपा असतील तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. आधी फक्त टाके मारून घ्या, पूर्ण वेल्डिंग नको. मग पाख्याच्या दोन्ही टोकांना आणि मधे, अशा तीन ठिकाणी वळचणीपासून आढ्यापर्यंत कौलांच्या दोन-दोन उभ्या ओळी लावून बघा. काचेची कौलं घालणार असाल तर तीही इथेच लावून बघा. त्यांचा साचा वेगळा असतो. एक बादली पाणी झडीसारखं खालून वर फेका. जमलं, की मगच पक्कं वेल्डिंग. लाकडी रीप चुकली तर खिळा उपसता येतो. लोखंडी रीप ग्राइंडरने कापावी लागते. मी त्या वर्षी दिवाळीपर्यंत पश्चिमेच्या पाख्यावर ताडपत्री ठेवली, मग सगळी कौलं उतरवून तीस रिपा कापल्या आणि पुन्हा जोडल्या. पहिल्या वेल्डिंगला जेवढे मोजले होते जवळपास तेवढेच परत मोजले. सुतारकाका बघायला आले होते. काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळत बसले.

त्या चार महिन्यांत मिळालेले सल्लेही सांगतो, म्हणजे तुम्ही ते घेणार नाही. एकाने सांधे सिलिकॉनने भरायला सांगितले. दीड हजार कौलांचे सांधे! दुसऱ्याने कौलांना वॉटरप्रूफ रंग लावायला सांगितला. पाणी कौलातून येत नसून सांध्यातून येत होतं, रंग काय करणार? तिसऱ्याने कौलांखाली साधं प्लास्टिक पसरायला सांगितलं. ते मी खरंच केलं. त्याला आतून घाम सुटला आणि रिपांवर महिनाभरात गंज दिसायला लागला.

कौलांखाली पत्रा घालायची हल्ली पद्धत आहे. ती वाईट नाही, पण तिथेही तीच घाई होते. पत्र्यावर थेट आडव्या रिपा ठोकल्या तर प्रत्येक रीप म्हणजे एक छोटा बांध. आत आलेलं पाणी आणि पाचोळा तिथे साठतो आणि पत्रा तिथूनच सडतो. आधी पत्र्यावर वळचणीपासून आढ्यापर्यंत उभ्या पट्ट्या हव्यात, आडव्या रिपा त्यांच्यावर. पाणी खालून वाहून जायला वाट राहते.

कौलं चढवणं. खालून वर. दोन्ही पाखी बरोबरीने चढवा, एकच बाजू भरून सांगाड्यावर एकतर्फी वजन टाकू नका.

बांधणं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं. आमच्याकडे ज्यांची कौलं गेली त्यांची आधी कडेची गेली: वळचणीच्या ओळी, बाजूच्या पाटीलगतच्या, आणि आढ्याखालची. मधलं पाखं बऱ्याच घरांवर टिकून होतं. म्हणून वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन आणि सगळ्यात वरची एक, एवढी कौलं तारेने रिपेला बांधाच. पाठीला तारेसाठी भोक असतं, ते शोभेला नाही. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची. साधी जस्त चढवलेली लोखंडी तार खाऱ्या हवेत फार टिकत नाही.

आढं. आढ्याची कौलं भिजवून घ्या आणि माल फक्त दोन्ही कडांना भरा. पोट गच्च भरलं की उन्हाने तडकतं आणि तड्यांतून आत पाणी. ओळ सुरू करायची ती पूर्वेकडून किंवा उत्तरेकडून, म्हणजे सांध्यांची तोंडं झडीकडे पाठ करून राहतात.

काम संपल्यावर उरलेली कौलं कुणाला देऊन टाकू नका. गोठ्याच्या भिंतीला उभी रचून ठेवा, आडवी नको, खालची तडकतात. कारखान्याचा शिक्का दिसेल अशी ठेवा. दहा वर्षांनी त्याच मापाची मिळतील याची खात्री नाही. माझ्याकडे साठ उरली होती. वानरांच्या कृपेने आता एकोणीस आहेत.