स्कूटर घसरली? आधी चावी बंद करा

साताऱ्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचं ऑइल वर येतं आणि आरसा तुटलेल्या, पॅनल खरचटलेल्या स्कूटर दारात लागायला सुरुवात होते. माणसाला लागलेलं थोडकंच असतं, पुढचा घोळ गडबडीत होतो.

गाडी आडवी झाली तरी इंजिन कधी कधी चालूच असतं. उचलताना हात नेमका अ‍ॅक्सिलेटरवर पडतो, आणि गिअर नसलेली गाडी उसळी मारते. म्हणून आधी चावी बंद. कुणाला जास्त लागलं असेल तर बाकी सगळं सोडून १०८ ला फोन. नसेल, तर गाडी, आणि दुसऱ्या गाडीला धडकला असाल तर तीही, नंबर प्लेटसकट दिसेल असे फोटो काढा आणि मगच कडेला व्हा.

चूक कोणाची, यावर भर रस्त्यात वाद घालू नका. गर्दी जमते आणि भरपाईचा आकडा वाढतो. लायसन्स मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये दाखवा, मूळ कार्ड कुणाच्या हातात देऊ नका. जागेवर मिटवत असाल तर पैसे ऑनलाइन द्या, सोबत ‘आरसा व पॅनल दुरुस्ती, विषय मिटला’ असं लिहा. समोरच्याला इजा झाली असेल तर मात्र आपसात मिटवायच्या भानगडीत पडू नका. पोलिसांना २४ तासांच्या आत कळवावं लागतं, विमा कंपनीलाही.

खरचटलेलं नळाच्या पाण्याने आणि साबणाने धुवा, खडी निघू द्या. (जखमेवर पेट्रोल ओतणारे महाभाग अजून भेटतात!) धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. डोकं आपटलंय आणि उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी सुरू झाली, तर घरी थांबू नका. आपटलेलं हेल्मेट बाद करा. आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत फुगत नाही, वरून कितीही चकचकीत दिसो.

आता गाडी. पॅनलचे ओरखडे बघत बसू नका, समोर उभं राहून पुढचं चाक गुडघ्यांत धरा. चाक सरळ आणि हँडल तिरकं दिसलं तर टी (हँडल आणि शॉकअप जोडणारा भाग) किंवा शॉकअप वाकलेला असू शकतो. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, कुठे अडकतंय, घासतंय का ते बघा. ब्रेक लाइट विझत नसेल तर ब्रेकचा लिव्हर वाकून अडकलेला असू शकतो. तशीच चालवली तर ब्रेक धरलेलाच राहतो, ड्रम तापतो. असं काही दिसलं की गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घाला.

विम्याच्या क्लेमचं माझं मत गिऱ्हाइकांना आवडत नाही. आरसा, लिव्हर, एखादं पॅनल एवढंच असेल तर खिशातून करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टची निम्मी किंमत कापली जाते, वर प्रत्येक क्लेमचे पहिले १०० रुपये तुमचेच, आणि पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांवर नेलेला नो क्लेम बोनस (हप्त्यातली सूट) शून्यावर येतो. नुसती थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरती) पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीला काहीच मिळत नाही. चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) मार असेल, तर जरूर क्लेम करा. पण विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत मेकॅनिकला गाडी खोलू देऊ नका, आणि मेकॅनिक कितीही घाईत असला तरी जुने पार्ट फेकू देऊ नका.