सीट हलेना, आणि दोष निघाला कार्पेटखाली

पावसाळ्यानंतर माझ्या जुन्या गाडीची ड्रायव्हरकडची पॉवर सीट अडली. बटण दाबलं की नुसतं 'टक्'. माझ्याआधी बायको चालवायला बसली होती, त्यामुळे सीट स्टिअरिंगला चिकटलेली. गुडघे दुमडून गाडी कशीबशी घरी आणली.

मेकॅनिक न बघताच म्हणाला, "मोटर गेली, साहेब." पण पुढे-मागे, वर-खाली, पाठ, तिन्ही मोटरी एकाच दिवशी कशा जातील? बिघाड सामाईक वाटेवर असणार, म्हणजे फ्यूज, सप्लाय किंवा अर्थिंग (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याची वाट).

फ्यूज चांगला होता. सीटखालच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावला तर 12.4 व्होल्ट. इथेच माणूस फसतो. लोड नसताना, म्हणजे मोटर करंट ओढत नसताना, गंजलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते. मग मुलाला बटण दाबून धरायला सांगितलं आणि मीटरची एक पिन सीटच्या अर्थ तारेवर, दुसरी बॉडीच्या स्वच्छ पत्र्यावर टेकवली. तब्बल 7 व्होल्ट! म्हणजे एवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेतच वाया जात होतं. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा नको.

कार्पेट उचललं तर खाली ओल, आणि अर्थच्या बोल्टवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पॉलिश पेपरने लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. सीट सुरसुर मागे गेली.

सीटखालची पिवळी कनेक्टर्स एअरबॅगची असतात. त्यांना मीटर लावू नका. पाणी दाराच्या रबरातून येत होतं, ते काम अजून बाकी आहे.